चवन्नी, जर्मेनियम आणि आबांचा रेडिओ : प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२४, लष्कर, ग्वाल्हेर

आजपासून वही. काम एकच : क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवादक ब्रायन मे, त्याच्या गिटारचा सत्तरच्या दशकातला आवाज, त्यातही 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'मधल्या (१९७५) सोलोचा, माझ्या माडीवरच्या खोलीत काढायचा. क्वीनचा गायक पाचगणीच्या शाळेत शिकलेला, एवढ्यावर आपली मराठी मंडळी खूश असतात. मला ओढ त्या गिटारची. ती गाते, अक्षरशः. गळ्यातून आल्यासारखी.

दिवाळीत घेतलेल्या डिजिटल प्रोसेसरमध्ये या आवाजाचं तयार सेटिंग आहे. चार महिने तेच वाजवतोय. पहिली पाच मिनिटं 'अरे वा' वाटतं, मग लक्षात येतं की हळू वाजवलं काय नि जोरात वाजवलं काय, आवाज तसाच. फोटोला मिठी मारल्यासारखं.

हाताशी काय आहे : फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या ('स्ट्रॅट') धाटणीची स्वस्त गिटार, तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांची थरथर विजेत बदलणारी चुंबक आणि वेटोळी). १५ वॉटचा ट्रान्झिस्टर अँप. काट्याचा मीटर, सोल्डरिंगची इस्त्री. आणि रविवार, कारण बाकी सहा दिवस क्लासमध्ये अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो.

१० मार्च

आज काहीच वाजवलं नाही, कागदावरच मांडलं. ब्रायन मेची साखळी फार छोटी आहे : गिटार, ट्रेबल बूस्टर (वरचे स्वर उचलणारी छोटी डबी), व्हॉक्स एसी-३० हा अँप. संपलं. बूस्टर आणि एसी-३०ची जोडी त्यानं रोरी गॅलघर या आयरिश गिटारवादकाकडून उचलली. लंडनच्या मार्की क्लबातल्या कार्यक्रमानंतर हा पठ्ठ्या थांबला, विचारलं, आणि गॅलघरनं सरळ सांगून टाकलं. आमच्याकडच्या घराण्यांत एवढं ऐकायला दहा वर्षं पाणी भरावं लागलं असतं.

त्या बूस्टरचं नाव डॅलस रेंजमास्टर. आत एकच जर्मेनियम ट्रान्झिस्टर, ओसी-४४. नकाशा पाहिला तर हसू येतं, बारावीच्या प्रॅक्टिकलचा कॉमन एमिटर अँप्लिफायर. खुबी एका चिमुकल्या इनपुट कपॅसिटरमध्ये आहे. तिथे साधारण ४.७ नॅनोफॅरड. गिटार आणि सर्किट मिळून १५ किलो-ओहम धरले तर गणित २.२ किलोहर्ट्झच्या आसपास येतं. म्हणजे त्याच्या खालचं सगळं दर सप्तकाला ६ डेसिबलनं उतरत जातं. गिटारची जाड तार ८२ हर्ट्झची, तिचा मूळ स्वर बिचारा पार तळाशी.

'ट्रेबल बूस्टर' हे नाव फसवं आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, आवाज कर्कश होणार. होत नाही, कारण पुढे व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा) अँप शेवटपर्यंत पिळलेला असतो. आवाज फुटतो तो तिथे. अँप फुटताना त्यात बास भरलेला असला, तर बासची प्रत्येक मोठी लाट वरच्या स्वरांना घेऊन आपटते आणि सगळ्याचा चिखल होतो. बास आधीच कापला तर फुटण्यातून नवे हार्मोनिक निघतात, पण स्वर मोकळा राहतो. आवाजाचा भरदारपणा अँप आणि स्पीकर नंतर देतातच. मी चार महिने उलटं करत होतो : आधी फोडायचं, मग इक्वलायझरनं चिखल उपसायचा. वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलं : आधी कापायचं, मग फोडायचं. कांद्यालासुद्धा हाच नियम आहे.

१७ मार्च

गिटार उघडली. ब्रायन मेची गिटार त्यानं आणि त्याच्या वडिलांनी घरी बनवलेली, १९६३च्या ऑगस्टमध्ये सुरू करून सुमारे दोन वर्षांत. मान जुन्या फायरप्लेसच्या लाकडाची, त्यातली किड्यांची भोकं काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवलेली. ट्रेमोलोला (दांडा दाबून तारांचा सूर हलवायच्या यंत्रणेला) १९२८च्या पँथर मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, दांड्याच्या टोकाला आईची विणायची सुई, पट्टीवरचे ठिपके आईच्या शिंपल्याच्या बटणांचे. पिकअप मात्र बर्न्स कंपनीचे, विकत घेतलेले. ते शिट्टी मारायला लागले म्हणून त्यानं त्यात अॅराल्डाइट ओतलं.

ते लाकूड मी आणू शकत नाही. वायरिंग आणू शकतो. त्याचे तिन्ही पिकअप सिरीजमध्ये आहेत आणि प्रत्येकाला दोन बटणं : एक चालू-बंद, दुसरं फेज उलटी करायचं. स्ट्रॅटमध्ये पिकअप पॅरलल जोडलेले असतात. तिथे दोन चालू केले की आवाज काचेसारखा पातळ होतो. सिरीजमध्ये दोन्हींचं व्होल्टेज बेरजेत येतं, रेझोनन्स खाली सरकतो, मधल्या स्वरांची पट्टी फुगते. त्याची नेहमीची जोडी ब्रिजजवळचा (तारा खाली जिथे टेकतात तिथला) आणि मधला.

सहा स्लाइड स्विच, नवं पिकगार्ड, कापता कापता अॅक्रिलिक दोनदा तडकलं. संध्याकाळी सगळं जोडून ब्रिज-मधला चालू केले तर आवाज कसा? नाकात बोलणाऱ्या डासासारखा. म्हणजे जोडी आधीच उलट्या फेजमध्ये. मधला पिकअप उलटा गुंडाळलेला आणि उलट्या चुंबकाचा आहे हे माहीत होतं, पण दोन उलट मिळून सुलट होतं हे शिकवणारा मास्तरच वायरी जोडताना चुकला.

तपासायची युक्ती : काट्याचा मीटर पिकअपला लावायचा, स्क्रूड्रायव्हर पिकअपवर टेकवायचा आणि झटक्यात उचलायचा. काटा उजवीकडे उडतो की डावीकडे ते पाहायचं. चुंबक उलटा असेल तरी काटा खरं सांगतो, कारण तारही तेच करणार असते. डिजिटल मीटर इथे कुचकामी, त्याचे आकडे नुसते भांबावतात. ब्रिज उजवीकडे, मधला डावीकडे, मानेजवळचा उजवीकडे. मधल्याच्या दोन वायरी बदलल्या. पुन्हा वाजवलं आणि आवाज एकदम छातीपर्यंत आला.

ही उलटी फेज मात्र चूक म्हणून टाकून द्यायची नाही. दोन पिकअपना मूळ स्वर जवळपास सारखाच दिसतो, म्हणून वजाबाकीत तो जातो. वरचे हार्मोनिक दोन्हीकडे वेगळे असतात, ते उरतात. त्यामुळे तो रडवेला, अनुनासिक सूर. पुढच्या आठवड्यात वर्गात व्यतिकरण (लाटांची बेरीज-वजाबाकी) आहे. गिटार घेऊनच जाईन.

एक तोटा : माझ्या गिटारवर उलट्या फेजमध्ये पंख्याची आणि ट्यूबलाइटची घरघर दुप्पट होते. सुलट फेजमध्ये ती एकमेकींना मारते.

२४ मार्च

उद्या धुळवड. सगळ्या तारा पुसून आत ठेवल्या.

ब्रायन मे प्लास्टिकच्या पिकनं (तार छेडायच्या चकतीनं) वाजवत नाही, सिक्सपेन्सच्या जुन्या ब्रिटिश नाण्यानं वाजवतो. ग्वाल्हेरात सिक्सपेन्स कुठून आणू? आत्याच्या देवघरातल्या डब्यात जुनी नाणी आहेत, त्यात अकरा चवन्न्या निघाल्या. (पुण्याच्या मामीसमोर पावली म्हणावं लागतं.) त्यातल्या नऊ जुन्या, कप्रोनिकेलच्या, कडेला खाचा असलेल्या. दोन नंतरच्या, गेंड्याचं चित्र असलेल्या, स्टीलच्या, त्या बाजूला ठेवल्या. सिक्सपेन्सचा व्यास १९.४ मिलिमीटर, चवन्नीचा १९. युद्धानंतरचं सिक्सपेन्सही कप्रोनिकेलचंच. एवढं जुळल्यावर आणखी काय पाहिजे?

आत्या सितार वाजवते, माधव संगीत महाविद्यालयात शिकलेली. माझ्या हातात नाणं पाहून म्हणाली, "सरोदवाले नारळाच्या करवंटीचा जवा घेतात, आम्ही बोटात नखी घालतो, आणि तू देवाचे पैसे घे." परत करीन म्हटलं.

फरक पहिल्या झटक्यात कळला. नाणं वाकत नाही. प्लास्टिकचा पिक आधी स्वतः वाकतो, मग तार सोडतो, त्यामुळे बोटाची माहिती अर्धी पिकमध्येच मुरते. नाण्यात ती सगळी तारेवर जाते. नाणं तारेला समांतर धरलं तर गुळगुळीत, जरा तिरकं केलं की खाचा तारेवर घासून प्रत्येक स्वराच्या सुरुवातीला 'ख्र' असं व्यंजन लागतं. गाण्यात शब्द असतात तसं. हातही आपोआप सैल पडतो, कारण घट्ट धरलं तर तारच अडकते.

३१ मार्च

जर्मेनियमच्या शोधात महाराज बाड्यामागच्या गल्लीत. रेडिओ दुरुस्तीचं दुकान, आता मिक्सर आणि इस्त्र्याच जास्त येतात. काकांना विचारलं, जुने ट्रान्झिस्टर रेडिओ आहेत का, मेलेले चालतील. त्यांनी पोटमाळ्यावरून गोणी खाली टाकली. "ले जाओ मास्टरसाब, कबाड़ी भी नहीं लेता।" सर्किटच्या चार पाट्यांतून एसी-१२८ जातीचे बारा जर्मेनियम ट्रान्झिस्टर मिळाले. ओसी-४४ एकही नाही.

घरी मोजमाप. जर्मेनियमची खोड म्हणजे गळती : ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी (बेस, कलेक्टर, एमिटर) बेस मोकळा सोडला तरी कलेक्टरमधून थोडा प्रवाह वाहतच राहतो. साधा मीटर ती गळतीसुद्धा गेन (प्रवाह किती पट वाढतो तो आकडा) म्हणून दाखवतो आणि माणूस फसतो. म्हणून आधी गळती मोजायची, मग बेसला ठरावीक प्रवाह देऊन एकूण मोजायचा, त्यातून गळती वजा करायची. बारापैकी पाच मेलेले. तिघांची गळती मिलिअँपियरच्या वर. दोघांचा गेन चाळिशीच्या आत. उरले दोन : एकाचा गेन ९०, गळती ३०० मायक्रोअँपियर. दुसरा ७०, गळती १८०. पहिला घेतला. (नंतरची भर : दुसरा शहाणा होता हे मे महिन्यात कळलं.)

७ एप्रिल

बूस्टर झाला. किंमती जशाच्या तशा : बेसला ४७० किलो आणि ६८ किलो, एमिटरला ३.९ किलो आणि त्यावर ४७ मायक्रोफॅरड, कलेक्टरला १० किलोचा पॉट (खुंटीनं फिरवायचा रेझिस्टर), बाहेर १० नॅनोफॅरड. डबा आबांचा, सुपारीचा, पत्र्याचा. झाकण घट्ट बसतं आणि घरघरही अडते. अजून वास येतो.

ट्रान्झिस्टर पीएनपी आहे, त्यामुळे बॅटरीचं धन टोक जमिनीला. इथेच माझा घोटाळा झाला. प्रोसेसरचा अॅडाप्टर दोघांना मिळून दिला, तिकडे ऋण टोक जमिनीला. गिटारच्या केबलच्या जाळीतून अॅडाप्टर सरळ शॉर्ट झाला आणि गप्प बसला, कायमचा. बूस्टरला स्वतःची ९ व्होल्टची बॅटरी दिली. एवढा कमी प्रवाह लागतो की ती महिनोन्महिने टिकेल.

कलेक्टरवर उणे ६.९ व्होल्ट. उणे ७च्या जवळपास हवं असतं, म्हणजे लाट एका बाजूला आधी चपटी होते. तिथून ती किंचित गोड होते.

ट्रान्झिस्टर अँपवर मात्र निराशा. आवाज मोठा आणि किरटा झाला, इतकंच. अपेक्षितच होतं. अर्धी साखळी कुठेतरी लटकतेय.

९ एप्रिल

पाडवा. गुढी, श्रीखंड, झोप.

१४ एप्रिल

एसी-३० विकत घेणं शक्य नाही, आणि घेतला असता तरी आमच्या गोठीत (इथे जुन्या वस्तीला गोठ म्हणतात) ३० वॉटचा व्हॉल्व्ह अँप शेवटपर्यंत पिळला तर जीवाजीगंजापर्यंत लोक खिडक्या लावतील. एसी-३०च्या पोटात काय आहे ते पुन्हा वाचत होतो : आउटपुटला चार ईएल-८४. आणि मग आठवलं, हा आकडा कुठेतरी पाहिलाय.

माळ्यावर आबांचा व्हॉल्व्ह रेडिओ. बुधवारी रात्री यावर बिनाका गीतमाला लागायची, तेव्हा अर्धी गोठ ओटीवर बसायची म्हणे. मागचा पुठ्ठा काढला. चार व्हॉल्व्ह सुटसुटीत उभे, स्टेशन नीट लागलं ते दाखवणारा एक डोळा, आणि शेवटचा : ईएल-८४. एकच. म्हणजे एसी-३०चा चौथा हिस्सा, पाचेक वॉट. मागे ग्रामोफोनसाठी दोन भोकं आहेत, त्यातून बाहेरचा आवाज सरळ अँप्लिफायरच्या भागात जातो.

इथे एक गोष्ट ठळक लिहून ठेवतो, कुणी मुलानं ही वही उचलली तर. काही जुन्या रेडिओंत पॉवर ट्रान्सफॉर्मर नसतो, घरातल्या विजेची एक तार सरळ पत्र्याला जोडलेली असते. त्यांचे व्हॉल्व्ह 'यू'नं सुरू होतात. तशा सेटला गिटार लावायची नाही, गिटारच्या तारांत २३० व्होल्ट येतील. आपल्या सेटला ट्रान्सफॉर्मर आहे, दोनदा तपासला. शिवाय पत्र्याला अर्थिंग देऊन तीन पिनांची वायर लावली. बंद केल्यावरही आतले कपॅसिटर अडीचशे व्होल्ट धरून बसतात. ते रेझिस्टरनं रिकामे केल्याशिवाय आत हात नाही, आणि दुसरा हात खिशात.

२१ एप्रिल

पन्नास-साठ वर्षं झोपलेल्या सेटला एकदम वीज द्यायची नाही. १०० वॉटचा दिवा सिरीजमध्ये लावून दिली. दिवा लख्ख पेटून मंद झाला, म्हणजे मोठा शॉर्ट नाही. मग डायल उजळला आणि स्पीकरमधून भुंगा. फिल्टरचे कपॅसिटर सुकलेले. ४७ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचे दोन नवे टाकले, भुंगा गेला.

मग ईएल-८४चा कॅथोड मोजला : १० व्होल्टच्या वर. साधारण ७ हवेत. काकांना फोन केला. त्यांनी न बघता सांगितलं, "पहले वो मोम वाला कंडेंसर फेंको।" बरोबर होतं. मागच्या व्हॉल्व्हकडून येणारा मेणाच्या कागदाचा कपलिंग कपॅसिटर गळत होता, त्यामुळे ग्रिडवर धन व्होल्टेज आणि व्हॉल्व्ह विनाकारण तापत होता. थोडा वेळ असाच ठेवला असता तर प्लेट लाल झाली असती. नवा टाकला : ७.४ व्होल्ट. काकांनी पैसे घेतले नाहीत, मुलाला फिजिक्सच्या दोन शंका विचारायच्या आहेत म्हणाले.

रेडिओचा अंडाकृती स्पीकर काढून ठेवला (फेकला नाही, आत्याची ताकीद). बाहेर प्लायच्या पेटीत १२ इंची स्पीकर, पेटीची पाठ उघडी. एसी-३०चीही उघडीच असते.

५ मे

साखळी पहिल्यांदा पूर्ण. गिटार, सुपारीचा डबा, रेडिओ. रेडिओचा व्हॉल्यूम पूर्ण.

पहिला स्वर धरला आणि तो मेलाच नाही. पाच सेकंद, सात सेकंद, मग कडेनं हळूच वरच्या सप्तकात उलटला आणि तिथे गात राहिला. खाली अंगणात आत्या तुळशीला पाणी घालत होती, ती वर बघायला लागली. पाच वॉट ऐकायला कमी वाटतात. आमच्या खोलीत ते फार आहेत.

तरी काहीतरी शिस्तीचं, आवळलेलं वाटत होतं. नकाशा काढला. आउटपुट ट्रान्सफॉर्मरकडून मागे एक निगेटिव्ह फीडबॅकची वाट आहे, रेडिओत असतेच, आवाज स्वच्छ राहावा म्हणून. एसी-३०मध्ये ती नाही. एका रेझिस्टरचा पाय उचलला. आवाज मोठा झाला, खडबडीत झाला, आणि मुख्य म्हणजे हाताला उत्तर द्यायला लागला. रेझिस्टरचा पाय तसाच हवेत.

१९ मे

दुपारी बाहेर ४५च्या वर. कूलर पाण्याऐवजी वाफ फेकतोय. सोलोच्या पहिल्या ओळीतच आवाज गुदमरला. स्वर सुरू व्हायचा आणि शेवटाला फाटक्या कापडासारखा चरचरत मरायचा. सकाळी ठीक होता. स्पीकर पाहिला, व्हॉल्व्ह पाहिला, दोन तास गेले.

बूस्टर कुठे ठेवला होता? रेडिओच्या डोक्यावर. बरोबर ईएल-८४च्या वर. पत्र्याचा डबा हाताला चटका देत होता. उघडून मोजलं : कलेक्टर उणे ४.२. जर्मेनियमची गळती दर दहा अंशांना साधारण दुप्पट होते. ३०० मायक्रोअँपियरवाल्याला मी तव्यावर बसवलं होतं.

डबा पाटावर, जमिनीवर, कूलरच्या तोंडाशी. ६८ किलोच्या जागी १०० किलोचा ट्रिमर (स्क्रूनं कमी-जास्त करायचा रेझिस्टर), उन्हाळ्यात तो पन्नाशीच्या आसपास आणून कलेक्टर पुन्हा उणे ७ करायचा, थंडीत परत वर. डब्याच्या झाकणात आतून दोन खुणा केल्या : 'ज्येष्ठ' आणि 'पौष'. लंडनच्या पोरांना ही भानगड नसावी.

७०वाला ट्रान्झिस्टरही लावून पाहिला. उन्हात शांत, पण गाताना जरा भिडस्त. ९०वालाच ठेवला. तापट माणसं गातात बरी.

२ जून

आत्या वर आली, सोलो पूर्ण ऐकला. म्हणाली, "सूर चांगला लागतोय. पण तू सगळं एकाच जोरात का म्हणतोस? गाणाऱ्याला श्वास लागतो."

मला वाटलं, सितारवाल्यांचं नेहमीचं. रात्री मूळ रेकॉर्डिंग हेडफोनवर दहा वेळा ऐकलं. बरोबर तिचं. ओळ सुरू होताना आवाज मऊ असतो, शिखरावर फुटतो, उतरताना पुन्हा मोकळा होतो. हे पेडलनं होत नाही. ब्रायन मे अँप पूर्ण उघडा ठेवतो आणि गिटारवरच्या व्हॉल्यूमच्या खुंटीनं स्वच्छपासून फुटलेल्यापर्यंत जातो. मी खुंटी दहावर नेऊन विसरलो होतो, प्रोसेसरची सवय.

आता ती सहावर ठेवून ओळ सुरू करतो, करंगळी खुंटीवर. इथे बूस्टरची आणखी एक गंमत कळली. त्याचा इनपुट गिटारला जड पडतो, त्यामुळे खुंटी मागे घेतली की आवाज नुसता लहान होत नाही, वेगळाच होतो, जवळजवळ घंटेसारखा. मध्ये बफरवालं (गिटारवर भार न पडू देणारं) कोणतंही पेडल ठेवलं की ही जादू जाते. ठेवून पाहिलं, गेली. काढलं. करंगळीला मात्र गोळे येतात.

आत्याला ब्रायन मेच्या जुन्या स्वस्त अकूस्टिक गिटारबद्दल सांगितलं. तिचा ब्रिज त्यानं असा करून घेतला आहे की तारा सितारीसारख्या झणझणतात. "म्हणजे जवारी काढली," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिनं त्याचं नाव विचारलं.

१६ जून

तीन आवाजांत हार्मनी. संगणकावर एकावर एक रेकॉर्ड केले. प्रत्येक आवाज वेगळ्या पिकअप-जोडीवर : पहिला ब्रिज-मधला सुलट, दुसरा मान-मधला उलट, तिसरा नुसता मधला. तिन्ही एकाच सेटिंगवर घेतले तेव्हा आवाज फक्त जाड झाला, वेगवेगळे घेतले तेव्हा तिघेजण गाताहेत असं वाटलं.

अशा थरांसाठी ब्रायन मेकडे एक छोटा अँप आहे. क्वीनच्या बेसवादकानं, जॉन डीकननं, कचऱ्याच्या पेटीत सापडलेल्या पाटीवरून बनवलेला. ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, एकही खुंटी नाही, आत जर्मेनियमच. त्यावर त्यानं गिटारनंच जॅझ बँडची वाद्यं काढली. काकांच्या गोणीत तशा ट्रान्सफॉर्मरवाल्या दोन पाट्या अजून आहेत. आज बघायचं नाही असं स्वतःला बजावलं. बघितलं. एक चालते.

३० जून

सिक्सपेन्सचं चलन ३० जून १९८० रोजी संपलं, चवन्नीचं ३० जून २०११ला. तारीख जुळलेली पाहून उगीच आनंद झाला.

आज मूळ आणि माझं, दोन्ही शेजारी ठेवून स्पेक्ट्रम पाहिला. मधली पट्टी जवळपास एकावर एक बसते. वर ४ किलोहर्ट्झच्या पुढे माझ्याकडे कमी आहे, तो स्पीकर. प्यायलेल्या माणसासारखा मान डोलावणारा व्हायब्रेटो त्याचा आहे, माझा नाही. ते आलेखात दिसत नाही, पण कानाला दिसतं. सरळ वाजवलं तर त्याच्यासारखं वाटतं, नक्कल करायला गेलो की माझ्यासारखं. हे का, ते मला सांगता येत नाही.

१४ जुलै

पाऊस. ट्रिमर 'पौष'कडे पाव फेरा सरकवला, कलेक्टर उणे ७.०.

डीकनवाली पाटी बिस्किटांच्या डब्यात बसवली, ९ व्होल्टवर. रेडिओच्या सोबत ठेवली तर डावीकडे एक पातळ जुना आवाज उभा राहतो. काढून ठेवलेला अंडाकृती स्पीकर हिलाच लावलाय, आत्या समाधानी.

पहिली चवन्नी एका बाजूनं पार गुळगुळीत झाली, खाचा गेल्या. ती धुऊन देवघरात परत ठेवली. डब्यात आठ शिल्लक.